फोटोतली शेपटी

कोपर गाव, डोंबिवली (प.)
१२ मे २०२४

चि. दर्शन,

आत्याचा आशीर्वाद घे आणि आधी चार शिव्या खा. जत्रेहून जाताना बांधून दिलेला सुका जवळा फ्रीजवर तसाच ठेवून गेलास. शास्त्रज्ञ झालास तरी डोकं तेच, जल्लं मेलं लक्षण! कुरिअरने पाठवते.

फोन का नाही केला म्हणशील. मी फोनवर बोलले की अख्खी आळी ऐकते, आणि आमचे हे, तुझे मामा, तर शेजारीच बसलेले असतात. तू होस्टेलला होतास तेव्हा मी तुला पत्रं लिहायचे. सातवी पास बाईची पत्रं तू पोरांना वाचून दाखवायचास, माहीत आहे मना. हे मात्र कोणाला दाखवू नको.

तुझा बॅनर अजून स्टेशनच्या रस्त्याला आहे. 'कॅन्सरला हरवणारा आपला आगरी वाघ, डॉ. दर्शन केणे.' जत्रा कमिटीच्या सुदेशशेठने खाली स्वतःचा फोटो तुझ्याहून मोठा लावलाय, ते जाऊ दे. मी बाजाराला जाताना रोज दोन मिनिटं थांबते. देवळापुढे पडदा लावून तू ते दोन फोटो दाखवलेस ना, एकात लाल गोळा आणि दुसऱ्यात काहीच नाही, तेव्हा बायका कशा गप्प झालेल्या! सोन्याचे कण, म्हणालास. केसाच्या जाडीत हजार मावतील एवढे बारीक. शिरेतून सोडले की गाठ शोधून काढतात, कॅमेऱ्यात दाखवतात आणि तिथेच तिला जाळतात. दाखवणारे तेच, मारणारे पण तेच. मी सगळं पाठ केलंय.

मी पण गप्प बसलेले, कारण जत्रेच्या आठ दिवस आधी आंघोळ करताना मला गाठ लागलेली. छातीला, डाव्या बाजूला, आवळ्याएवढी. दुखत नाही. घरात बोलले नाही. दक्षतालापण नाही, ती कल्याणला सासरी, तिच्या शाळेच्या परीक्षा चाललेल्या. बाजाराला जाते सांगून एकटीच ठाण्याला गेले. तिथल्या डॉक्टरबाई म्हणतात, सुईने तुकडा काढून तपासू.

मला भीती नाही रे. भाचाच औषधवाला असल्यावर भीती कसली? एवढंच कळव, तुझं ते सोनं कधी येतंय?

तुझी,
मालूआत्या


बंगळूरु
२१ मे २०२४

आत्या,

पत्र वाचल्या वाचल्या लिहायला बसलो. तू आधी ती तपासणी करून घे, एक दिवसही थांबू नकोस. दहा गाठींमधल्या आठ-नऊ साध्याच निघतात. तुझीही साधीच असेल. आणि एकटी जाऊ नकोस, दक्षताला सांग.

आमच्या कामाचं विचारलंस. काम जोरात चाललंय. मागच्या महिन्यात जे निकाल आले ते पाहून आमच्या प्रमुख बाईसुद्धा खुर्चीतून उठल्या. माणसांवरच्या चाचणीसाठी अर्ज करायचा आहे. सगळं सुरळीत झालं तर वर्ष-दीड वर्षात सुरुवात व्हायला हरकत नाही. परवानग्या, कागदपत्रं, तुला माहीतच आहे आपल्याकडचं.

खरं सांगू का आत्या, आजवर मी परदेशात तीन ठिकाणी भाषण दिलं, पण आपल्या देवळापुढे शाल-नारळ घेताना जे वाटलं ते कुठेच वाटलं नाही. बाबा असते तर रडले असते. बॅनर अजून आहे म्हणालीस. काढायच्या आत एक फोटो काढून पाठवायला सांग ना कोणाला तरी. इथे दाखवायचा आहे.

जवळा मिळाला. रूममेटने खिडक्या उघडल्या आणि नंतर माझ्यापेक्षा जास्त खाल्ला.

तपासणीचं लगेच कळव.

तुझा,
दर्शन


कोपर
९ जून २०२४

चि. दर्शन,

साधी नाही निघाली. कॅन्सर आहे.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत, हात धरून बोलल्या. म्हणाल्या, लवकर आलात, अजून पसरलेला नाही, ऑपरेशन केलं तर बऱ्या व्हाल. चोवीस तारीख दिलीय. पण सगळंच काढावं लागेल म्हणतात, नुसती गाठ नाही.

पोरा, तुला सांगायला लाज वाटते पण दुसरं कोण आहे? मी धवलारीन आहे. चाळीस वर्षं या गावातली लग्नं मी धवले गाऊन लावलीत, तुझ्या आईबापाच्या हळदीलापण माझाच गळा होता. नवरीला हळद लावायला बसायचं ते भरलेल्या अंगाच्या सवाशिणीने. कापलेल्या बाईला कोण पाटावर बसवील? तोंडावर कोणी काही बोलणार नाही, फक्त बोलावणं यायचं बंद होईल. मी बघितलंय तसं होताना.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, माझा भाचा सोन्याचे कण बनवतो, वर्षाभरात येतील, तोवर थांबू का? त्या म्हणाल्या, अजिबात नाही. पण त्यांना तुझं काम कुठे माहीत आहे? मी त्यांना तुझं नाव लिहून दिलं.

तू सांग. तू म्हणशील तसं करते. थांबू?

मालूआत्या

ता. क. बॅनरचा फोटो शेजारच्या आर्यनने काढलाय, दक्षता पाठवील. तिला कारण सांगितलेलं नाही.


बंगळूरु
१६ जून २०२४

आत्या,

थांबू नकोस. ऑपरेशन करून घे. डॉक्टर सांगतात तसंच कर. हे मी भाचा म्हणून नाही, या विषयातला माणूस म्हणून सांगतोय.

धवल्यांचं वाचून खूप वाईट वाटलं. तुझ्याशिवाय कोपरमध्ये हळद लागेल असं मला तरी वाटत नाही. आणि एक लक्षात ठेव, मी हे सगळं कशासाठी करतोय? तुझ्यासारख्या बायकांना पुढे ही कापाकापी लागूच नये यासाठी. आमचे कण आले की सुरी हातात घ्यायचं कामच उरणार नाही. तो दिवस लांब नाही, आत्या. तू बघशील.

बाकी काही गोष्टी पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत, समक्ष भेटलो की बोलू. धीर सोडू नकोस.

तुझा,
दर्शन


कोपर
५ जुलै २०२४

चि. दर्शन,

झालं बाबा सगळं नीट. काळजी करू नको. चोवीसला गेले, तीन दिवसांनी घरी आले. जखम सुकली. मामांना साधी गाठ होती असंच सांगितलंय. दक्षता सोबत होती, पण तिला फोन करून विचारू नको. मी तिला शपथ घातलीय की कुठे बोलायचं नाही. तुला कळलंय हे तिला कळलं तर माझ्यावरच ओरडेल.

तुझं पत्र देव्हाऱ्यात ठेवलंय. 'सुरी हातात घ्यायचं कामच उरणार नाही.' रोज दिवा लावताना वाचते. शाळेत कविता पाठ करायचो तशी ती ओळ पाठ झाली.

एक विचारू? तुझे कण आले की आधी कोणाला देतात? यादी असते का? माझं नाव घालून ठेव. ऑपरेशन झालेल्यांनापण देत असतील ना, परत होऊ नये म्हणून?

तुळशीविवाह झाला की केण्यांच्या समृद्धीचं लग्न. मला बोलावणं आलंय. मी गाणार आहे.

मालूआत्या


बंगळूरु
३० ऑगस्ट २०२४

आत्या,

उशिरा लिहितोय, माफ कर. परदेशात कॉन्फरन्स होती, तिथून आलो तर इथे नवीनच कटकट. ऑपरेशन नीट झालं हे वाचून डोक्यावरचं ओझं उतरलं. आता औषधं वेळेवर घे, तपासणीला जात जा.

आमचं काम जरा लांबेल असं दिसतंय. तांत्रिक कारणं आहेत. पण तुझं नाव यादीत पहिलं आहे असं समज.

समृद्धीच्या लग्नात गाशील त्याचा व्हिडिओ पाठव. आणि जवळा!

दर्शन


कोपर
१४ जानेवारी २०२५

दर्शन,

अक्षर बघून घाबरू नको, हात सुजलाय. डावा सुजलाय, पण उजव्यातपण बळ नाही.

मी खोटं बोलले तुझ्याशी. चोवीस तारखेला मी घरातून निघाले, ठाण्याला उतरले, हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेले. दारासमोरच्या रसवंतीत बसले, उसाचा रस प्यायले आणि तुझं पत्र परत वाचलं. वर लिहिलेलंस कर आणि खाली लिहिलेलंस लागूच नये. मना खालचंच खरं वाटलं. वर्षाचीच तर गोष्ट, म्हटलं. तशीच परत आले. घरी येऊन भाकऱ्या केल्या.

समृद्धीच्या लग्नात गायले. शेवटचा धवला म्हणताना दम लागला, लोकांना वाटलं वय झालं.

आता गाठ फुटलीय. पाठ दुखते, खोकला जात नाही. दिवाळीनंतर दक्षताने बघितलं आणि उचलून ठाण्याला नेलं. डॉक्टरबाईंनी मला ओळखलं. मग दक्षताला बाजूला नेऊन बोलल्या. फुप्फुसात गेलंय म्हणे.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. माझ्या पायांनी गेले, माझ्या पायांनी परत आले. पण आता खरं सांग पोरा. ते तुझं सोनं आजवर कोणाकोणाला दिलंस? त्या फोटोतली बाई कुठची? ती अजून जिवंत आहे ना? तिच्याशी एकदा बोलायचंय मला.

मालू


बंगळूरु
२४ जानेवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र आल्यापासून चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा फाडलं.

फोटोत बाई नव्हती. तो उंदीर होता.

पांढरा, मुठीत मावेल एवढा. त्याच्या कातडीखाली आम्हीच कॅन्सरच्या पेशी टोचतो, दोन आठवड्यांत गाठ वर येते. मग कण सोडतो, प्रकाश टाकतो, गाठ जळते. मूळ फोटोत त्याचं अख्खं अंग दिसतं, पाय दिसतात, शेपटी दिसते. जत्रेच्या आदल्या दिवशी तुझ्याच ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलेलो तेव्हा मी ती कापली. म्हटलं, देवळापुढे पडद्यावर उंदीर दिसला तर पोरं हसतील, सुदेशशेठ काहीतरी पाचकळ बोलेल. म्हणून नुसती गाठ ठेवली. एक बटण दाबलं, शेपटी गेली. बोलताना उंदीर हा शब्द मी मनाशी जुळवून ठेवलेला, खरंच. पण माईक हातात आला, समोर तुम्ही सगळ्या, आणि सुदेशशेठ आधीच 'कॅन्सरवर औषध शोधणारा' म्हणून मोकळा झालेला. ते खोडून काढायला जीभच रेटली नाही. मला ते ऐकायला आवडलं, आत्या. हे पण लिहून टाकतो.

अजून ऐक. शिरेतून सोडलेल्या शंभर कणांपैकी जेमतेम एखादा गाठीपर्यंत पोचतो. बाकीचे यकृतात, प्लीहेत जाऊन अडकतात. तो प्रकाश बोटभरसुद्धा धड आत शिरत नाही. उंदराला ते पुरतं, माणसाला नाही. माणसांवरच्या चाचणीचा अर्ज आम्ही अजून केलेलासुद्धा नाही. यादी नाही. तुझं नाव कुठेच नाही. आणि तू विचारलंस म्हणून सांगतो, त्या उंदरांमधला एकही जिवंत नाही. बरे होतात त्यांनाही शेवटी मारून, कापून तपासावं लागतं.

तू झालं म्हणालीस आणि मी मानलं. दक्षताला एक फोन केला असता तर कळलं असतं. केला नाही, कारण तिने मला पुढचे प्रश्न विचारले असते.

चौदा फेब्रुवारीला इथे आमच्या कामाची तपासणी आहे, ती टाळता येत नाही. पंधराला सकाळी तुझ्याकडे आहे. तोंड दाखवायला लाज वाटते, पण येतो.

दर्शन


कल्याण
२ मार्च २०२५

दर्शनदादा,

दादा म्हणायची इच्छा नाही, पण लहानपणापासूनची सवय हाताला आहे.

आई नऊ फेब्रुवारीला गेली, तू दहाला आलास. मयताला तुला सगळ्यांनी पुढे जागा करून दिली. बाबा तुझ्या गळ्यात पडून म्हणाले, "तुझ्या औषधाला थोडा उशीर झाला रे." मी समोर उभी होते. तू त्यांच्या पाठीवरून हात फिरवलास आणि गप्प राहिलास. तेव्हाही!

तुझं जानेवारीचं पत्र आलं तेव्हा आईला डोळे उघडवत नव्हते. म्हणाली, वाच. मी आधी मनात वाचलं. आधीची सगळी पत्रं मी देव्हाऱ्यातून काढून आदल्या रात्रीच वाचलेली, म्हणून मला काही विचारावं लागलं नाही. ती सारखी म्हणत होती, वाच ना बाय, काय लिहिलंय पोराने? मी वाचलं. औषध तयार होतंय, तुझं नाव यादीत पहिलं आहे, ती फोटोतली बाई ठणठणीत आहे. असं सगळं बघून बघून, पान उलटून वाचलं. तुझ्या घराण्याची सवय मलाही लागली म्हणायची. आई हसली. म्हणाली, "त्याला सांग, माझ्यासाठी घाई करू नको. सावकाश कर." हा तुझ्यासाठी तिचा शेवटचा निरोप. मला तो माझ्याजवळ ठेवायचा नाही म्हणून पाठवते.

मी शिक्षिका आहे, पोरांच्या वह्या तपासते, आणि दिवाळीआधी आईने गाठ आहे, डॉक्टर गोळ्या देऊन बघतायत म्हटलं तर एक कागद मागितला नाही. ते मी माझं बघून घेईन.

तुला लिहायचं कारण वेगळंच आहे. आपल्या दारावर मासळी घेऊन येणारी बायजाकाकी तुला आठवत असेल, तुला फुकट निवट्या द्यायची ती. परवा माहेरी गेले तर ती ओटीवर बसलेली. तिलाही गाठ आहे. ठाण्याचीच तारीख मिळालीय, सोळा एप्रिल. आणि ती मला विचारते, "दर्शनचं औषध कधी येतंय? मालूला उशीर झाला, माझं तसं नको व्हायला. मी थांबते."

मी तिला सगळं सांगितलं. उंदीर, शेपटी, सगळं. तिचा विश्वास बसला नाही. म्हणाली, "आई गेली म्हणून तुझा त्याच्यावर राग आहे, बाय, कळतं मला." बॅनरवर तुझा फोटो आहे, माझा नाही. यंदाच्या जत्रेलाही सुदेशशेठ तुझाच लावतोय, डिझाइन तयार आहे.

तेरा एप्रिलला जत्रा. ये. त्याच पडद्यावर तो अख्खा फोटो लाव आणि तुझ्या तोंडाने उंदीर म्हण. माझी बाकी काही मागणी नाही.

दक्षता


कल्याण
१७ एप्रिल २०२५

दर्शन,

तू आला नाहीस. पत्र आलं आणि फोटो आला. चांगल्या कागदावर छापून पाठवलास, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

तुझं पत्र मी देवळापुढे माईकवर वाचलं. एक शब्द गाळला नाही, यावेळी काही घातलं पण नाही. 'ते औषध आजवर एकाही माणसाला दिलेलं नाही. ज्यांना डॉक्टरांनी तारीख दिली आहे त्यांनी त्या तारखेला जावं. माझ्या आत्याला मी हे वेळेवर सांगितलं नाही.' वाचून झालं आणि काय झालं असेल सांग? लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुदेशशेठने माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाला, एवढा मोठा माणूस, पण बघा किती नम्र! तुझ्या बॅनरला हार घातलेला होता. अजून असेल.

मी खाली उतरून चपला शोधत होते. बायजाकाकी आली, माझ्या हातातला फोटो घेतला आणि ट्यूबलाइटखाली धरला. बराच वेळ बघत राहिली. पन्नास वर्षं मासळी साफ करणारी बाई ती, तिला कोणाचं डोकं कुठे आणि शेपटी कुठे हे शिकवावं लागत नाही. तिने शेपटीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं,

"हा असा, अख्खा, मालूला दाखवलेला त्याने?"

मी नाही म्हटलं.

तिने फोटो दुमडून कमरेला खोचला. काल सकाळी सहाला कोपर स्टेशनच्या तिकीट खिडकीशी पिशवी घेऊन माझी वाट बघत उभी होती. ऑपरेशन झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेवर आल्या.

फोटो तिच्याकडेच आहे. परत मागू नकोस.

दक्षता